उन्हाळा काढलेली पाठ

बुऱ्हाणपूर
९ जानेवारी २०२४

निरंजनमामांना नमस्कार,

मी रश्मी. तुमच्या आत्याची मुलगी लीला, तिची मी धाकटी. तुमच्या मुलाच्या, पंकजदादाच्या लग्नात तुमच्या शेजारीच जेवायला बसले होते आणि तुम्ही माझ्या पानातली जिलबी उचलून स्वतःच्या पानात ठेवली होती. तेव्हा मी बारावीला होते. आता सव्वीसची आहे.

तुम्हाला तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. शेवटी आईनं ती लग्नपत्रिका शोधून पत्ता काढून दिला. पत्र लिहायची मला सवय नाही आणि आमच्या मराठीत हिंदी कधी घुसते ते आम्हालाच कळत नाही, तर सांभाळून घ्या.

मला तुमच्यासारखी गिटार बनवायची आहे, मामा. वाजवते मी थोडीफार, पण ओढ बनवण्याची आहे. मागच्या वर्षी माझी मैत्रीण प्राजक्ता, तिच्या गिटारचा तारा बांधतात तो लाकडी तुकडा उखडून आला. इथे दुरुस्त करणारं कोणी नाही. मी आरसा आणि टॉर्च घेऊन आत डोकावले. आतल्या त्या पातळ पट्ट्या, ते जोड बघितले आणि बस, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

आमची फोपनारला केळी आहे आणि शहरात केळी पिकवायचं चेंबर आहे. चेंबरचं बरंचसं काम मीच बघते. अप्पा म्हणतात, "मामा ठेवून घेत असंल तर जा. नाही तर चेंबरच्या चाव्या तू घे, मी थकलो आता." म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल. एकदा चाव्या कमरेला लागल्या की मी इथून हलत नाही.

माझ्याकडे शिसमाची एक फळी आहे. आमच्या बांधावरचं झाड तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना पाडलं. बाकीचं लाकूड ट्रॉलीच्या फळ्यांना गेलं, ही एक मी लपवून ठेवली. यातून गिटारची पाठ निघेल असं वाटतं. पण पाठ दोन तुकडे जोडून करतात आणि तो जोड कसा करायचा तेच मला कळत नाही. यूट्यूबवर सगळं आहे, पण ती माणसं थंड देशात राहतात. स्वेटर घालून गोंद लावतात. त्यांचं ऐकून बुऱ्हाणपुरात काय होणार.

जोड कसा करायचा ते सांगाल का? आणि मी तुमच्याकडे शिकायला येऊ का?

तुमची
रश्मी


म्हापसा, गोवा
२४ जानेवारी २०२४

चि. रश्मी,

लीलाची मुलगी म्हणजे हट्टी असणारच, त्यामुळे पत्राचं नवल वाटलं नाही. जिलबीचं मला आठवत नाही, पण मी तसं केलं असणार.

शिकायला येण्याचं आधी सांगतो. मी माणसं ठेवत नाही. एकदा एक ठेवला होता. दोन महिन्यांत तो माझा चांगला रंधा आणि शेजाऱ्यांची मुलगी, दोन्ही घेऊन गेला. मुलगी सुखात आहे असं ऐकतो. रंध्याचं काही कळलं नाही.

पण जोडाचं विचारलं आहेस तर सांगतो. फळी कडेवर उभी धरून मधून चिरायची, म्हणजे एका जाड फळीच्या दोन पातळ फळ्या होतात. मग पुस्तक उघडतो तशी उघडायची. डावीकडच्या रेघा उजवीकडे उलट्या दिसतात, आणि ती जोडी एकाच झाडाची असल्यानं एकसारखी फुगते, एकसारखी आकसते. मधल्या दोन्ही कडा रंध्यानं सरळ करायच्या. सरळ म्हणजे किती, तर एकमेकींवर ठेवून खिडकीसमोर धर. मधून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. केसाएवढा दिसला तरी पुन्हा. इथे सगळे कंटाळतात आणि शिकंजे आवळून फट बंद करतात. अशी फट बंद होत नाही, रुसून बसते आणि वर्षानं बाहेर येते.

गोंद तुमच्याकडे सुतार वापरतात तोच पांढरा चालेल. मुख्य गोष्ट खोलीची. जिथली हवा सकाळ-दुपार बदलत नाही अशी खोली बघ. लाकूड महिनाभर तिथेच राहू दे, रंधा तिथेच मार, जोडही तिथेच कर. माझी मागची खोली तशी आहे. तिथे बाहेर काय चाललंय ते लाकडाला कळतच नाही.

आता माझी अट. तू पाठ जोड आणि तिला बुऱ्हाणपूरचा एक उन्हाळा काढू दे. मी तिथेच वाढलो, मे महिन्यात दारांच्या चौकटी तडकताना मी पाहिल्या आहेत. त्यातून ती एकसंध राहिली तर ये. नाही राहिली तर केळी पिकव. त्यात काही कमीपणा नाही, माणसांना केळी गिटारपेक्षा जास्त लागतात.

आणि फोन करू नकोस. मला फोनचा कंटाळा आहे.

तुझा
निरंजनमामा


बुऱ्हाणपूर
२० मार्च २०२४

मामा, नमस्कार,

पाठ जोडली. आधी तेच सांगते, मग बाकीचं.

फळी यादवच्या आरा मशीनवर चिरली. यादवनं विचारलं, "एवढी पतली काय करतीस, पापड लाटायचे का?" मी म्हटलं हो. तुकडे उघडून जमिनीवर ठेवले आणि आम्ही दोघं तिथेच उकिडवे बसलो. मधोमध एक काळसर गाठ होती, ती दोन्हीकडे आली. एकदम दोन डोळ्यांसारखी. यादवनं नंतर भुसासुद्धा स्वतः झाडला.

खोली तुम्ही सांगितली तशीच मिळाली, मामा. आमच्याच जागेत आहे. तिथे सकाळ-दुपार काहीच कळत नाही, बाहेर कितीही तापू दे. कुठली ते आत्ता सांगत नाही, कारण अप्पांना विचारलेलं नाही. लाकूड महिनाभर तिथेच ठेवलं होतं. रंधाही तिथेच मारला. रोज थोडा थोडा. उजेड दिसायचा, पुन्हा मारायचे, मग दुसऱ्या टोकाला दिसायचा. एकदा तर राग येऊन फळी आपटणारच होते. मग एक दिवस धरली आणि मधे काहीच दिसलं नाही. मी बल्ब धरून बघितलं, टॉर्च धरून बघितलं. मधे बस अंधार.

गोंद लावून शिकंजे हलके आवळले. चार दिवस तिथेच ठेवली. आज काढून बघितली. बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळत नाही. मी आईला डोळे मिटायला लावले आणि जोड शोध म्हटलं. तिला नाही सापडला. ती म्हणाली, "चांगलं झालं व, आता जेव."

मी खूप खूश आहे. एवढी खूश मी कधी झाले होते ते आठवत नाही.

रश्मी


म्हापसा
२ एप्रिल २०२४

चि. रश्मी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला जोड बोटाला लागत नाही असं फार कमी लोकांचं होतं. माझं झालं नव्हतं. यापेक्षा जास्त स्तुती मी करत नाही, त्यानं हात बिघडतो.

आता तिला त्या खोलीतून बाहेर काढ. घरात, जिथे माणसं बसतात-उठतात, तिथे खुंटीला टांग. भिंतीला टेकवू नकोस, दोन्ही बाजूंनी हवा लागू दे. पंखा लागला तर लागू दे. नंतर तिच्याकडे रोज बघू नकोस. रोज बघितल्यानं लाकूड सुधारत नाही.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली की लिही.

निरंजनमामा


बुऱ्हाणपूर
१८ मे २०२४

मामा, नमस्कार,

आखाजी झाली. ताई माहेरी आली होती, तिच्या दोन्ही मुलांना घेऊन. निंबाला झोका बांधला होता. पोरं झोक्यावरून उतरेचनात, शेवटी आईनं आंब्याच्या रसाची लालूच दाखवून उतरवलं. ताई आणि आई ओट्यावर बसून गाणी म्हणत होत्या. मीही बसले थोडा वेळ.

ऊन यंदा भयंकर आहे. गरम वाऱ्यानं केळीची पानं फाटून चिंध्या झाल्या. अप्पा रोज फोपनारला जाऊन पाणी धरतात. चेंबरवर गाड्या लागलेल्या आहेत, मला दिवसभर तिथेच थांबावं लागतं. प्राजक्ताचं लग्न ठरलं, मुलगा खंडव्याचा आहे. आईनं तुमच्यासाठी कुरडया केल्या आहेत, कोणी तिकडे येणार असलं तर पाठवते.

गोव्यात पाऊस लवकर येतो ना? तब्येत सांभाळा.

रश्मी


म्हापसा
२९ मे २०२४

चि. रश्मी,

तुझ्या पत्रात झोका आहे, आमरस आहे, केळीची पानं आहेत, प्राजक्ताचा नवरा आहे. पाठ नाही.

उघडली ना?

लाजू नकोस. कुठून उघडली, टोकाकडून की मधून, ते लिही. आणि ती खोली कुठली होती तेही लिही. आता तरी अप्पांपासून लपवण्यासारखं काही राहिलं नसेल.

निरंजनमामा


बुऱ्हाणपूर
८ जून २०२४

मामा,

हो. उघडली. दोन्ही टोकांकडून, मधे वीतभर धरून आहे. हॉलमध्ये टांगून आठवडासुद्धा झाला नव्हता. सगळे टीव्ही बघत होते आणि पापड मोडावा तसा आवाज आला. कोणाचं लक्ष गेलं नाही. मी मान वळवली नाही, कारण मला कळलं होतं.

खोली म्हणजे आमचं केळी पिकवायचं चेंबर. तुम्ही म्हटलं होतं ना, हवा बदलू नये. बुऱ्हाणपुरात हवा न बदलणारी तेवढी एकच जागा आहे. बाहेर चाळीस असलं तरी आत सोळा. कच्ची केळी आत जाते, पिवळी होऊन बाहेर येते आणि दिवस-रात्र एकच गारवा. एक गाडी निघाली आणि दुसरी यायची असली की मी आत जाऊन काम करायची. गाडी आली की तुकडे वरच्या क्रेटवर सरकवून द्यायची. मला वाटलं मी किती हुशार.

अप्पांना कळलं, कारण एका व्यापाऱ्याच्या केळ्यांत शिसमाचा भुसा निघाला. ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडले. झाडू घेऊन स्वतः आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मग? चाव्या देऊ का तुला आता?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. खरंच थकलेत ते. मला मात्र रडू आलं आणि मी केळ्याच्या ढिगामागे जाऊन उभी राहिले.

दुसरी फळी नाही, मामा. ते झाडच नाही. तुम्ही अट घातली होती, ती मी हरले. येत नाही मी. तुम्ही एवढं समजावून लिहिलंत, त्याचं वाईट वाटतं.

रश्मी


म्हापसा
२० जून २०२४

चि. रश्मी,

चेंबरचं वाचून मी इतका हसलो की सून बघायला आली. चाळीस वर्षं लाकडात काढली, बंद मोटारीत जोडलेल्या पाठी पाहिल्या, देवघरात जोडलेली एक पाहिली. केळ्यांच्या गारव्यात जोडलेली पाठ अजून ऐकली नव्हती.

आता नीट वाच. यात माझी चूक आधी आहे, तुझी नंतर. मी तुला हवा बदलत नाही अशी खोली सांगितली. ती कोरडी हवी हे सांगितलं नाही. इथे समुद्राकाठी सगळ्याच खोल्या ओल्या, त्यामुळे ओलाव्याचं वेगळं सांगायचं मला सुचलंच नाही. आणि तू ज्या घरातली आहेस त्या घरातली मुलगी अशी खोली शोधायला निघाली की थेट चेंबरमध्येच जाणार. केळी हिरवी आत जाते तेव्हा तिला पाणी लागतं म्हणून तुम्ही आत फवारे मारता. ते पाणी तुझ्या शिसमानं महिनाभर प्यायलं. फुगलेल्या कडा तू सरळ केल्यास, गारठ्यात गोंद धड वाळला नाही, आणि मग ती बाहेर उन्हात आली. टोकं आधी सुकली, आधी आकसली आणि सुटली. जोड तू उत्तमच केला होतास. लाकूड मात्र तेव्हा आपल्या मूळ मापात नव्हतं.

दुसरी फळी लागत नाही. मधला उरलेला जोड ओल्या फडक्यानं आणि इस्त्रीच्या उबेनं सोडव, हळू. दोन्ही तुकडे घरात मोकळे टांग. हा पावसाळा त्यांना घरातल्या हवेत काढू दे. दिवाळीनंतर थंडी कोरडी पडली की कडा पुन्हा सरळ कर. तेवढ्यानं पाठ अरुंद होईल, तर मधे करंगळीच्या नखाएवढी एक पट्टी घाल. पट्टी नव्या लाकडाची नको. घरातलं काहीतरी जुनं बघ, ज्यानं बुऱ्हाणपूरचे पुष्कळ उन्हाळे पाहिलेत. असं लाकूड आता कशालाही घाबरत नाही.

अप्पांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, चाव्या अजून वर्षभर तुमच्याच कमरेला बऱ्या दिसतील.

निरंजनमामा


बुऱ्हाणपूर
२२ डिसेंबर २०२४

मामा, नमस्कार,

पुन्हा जोडली. यावेळी गच्चीवरच्या खोलीत, जिथे आई गहू ठेवते. कोरडी ठणठणीत आहे, उंदीरसुद्धा पाणी प्यायला खाली येतात.

पट्टीसाठी मी घरभर फिरत होते. खुर्चीचा हात बघितला, अप्पांची काठी बघितली. अप्पा काठी घेऊन उठूनच गेले. आई पोळ्या करत होती. तिचा जुना पोळपाट आहे, एक पाय गेलेला, खाली विटेचा तुकडा लावून वापरायची. तिनं शेवटची पोळी तव्यावर टाकली, पोळपाट उलटा करून झटकला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "घे. याचा पाय तसाही गेला. पन याच्यावर लाटलेल्या पोळ्या खाऊनच तू एवढी झाली, ध्यानात ठेव." दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा पोळपाट आणला आणि पोळ्या नीट होत नाहीत म्हणून तिनं मला महिनाभर ऐकवलं.

पोळपाटाचं लाकूड बाभळीचं निघालं, पिवळट-तांबूस. लांबी पुरेना म्हणून दोन तुकडे टोकाला टोक लावून पट्टी केली. शिसमाच्या मधून जाताना इतकं छान दिसतं. कडा सरळ करायला यावेळी जास्त वेळ लागला, कारण आता दोन जोड आहेत. पण राग नाही आला. मग सगळ्या पाठीवरून रंधा मारून आऱ्याचे ओरखडे काढले.

पाठ हॉलमध्ये टांगली आहे. पाहुणे विचारतात हे काय, तर अप्पा सांगतात, "पोरीची परीक्षा लटकवलीय."

मीही बरेच दिवस लिहिलं नाही आणि तुमचंही पत्र नाही. बरे आहात ना?

रश्मी


बुऱ्हाणपूर
१० जून २०२५

मामा, नमस्कार,

डिसेंबरच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. आखाजीच्या आधी एक लिहिलं होतं, त्यालाही नाही. पंकजदादाला फोन केला. तो म्हणाला तुम्ही ठीक आहात, जेवताखाता, फक्त गिटारच्या दुकानात कमी जाता. मग मी काळजी करायचं सोडलं आणि राग धरायचं ठरवलं. तोही फार टिकला नाही.

उन्हाळा संपला, मामा. मे महिन्यात आम्ही दुपारी ओल्या चादरी दारांना लावून पडून राहायचो. स्वयंपाकघराच्या दाराला वरपासून खालपर्यंत तडा गेला. पाठीला काही झालं नाही. काल मी ती उतरवली आणि खिडकीसमोर धरली. दोन्ही जोडांतून उजेड नाही. वाकवून पाहिली, हलकेच पिळून पाहिली. नाही सुटली.

अप्पांनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "मामाला लिही. त्यानं दिलेला शब्द आहे." चेंबरवर क्रेट धुणाऱ्या धुरपदाबाईच्या मुलाला त्यांनी तिथलं काम शिकवायला सुरुवात केलीय. म्हणजे मी जाणार असं त्यांनी धरलंय.

मी येऊ ना?

रश्मी


म्हापसा
२४ जून २०२५

चि. रश्मी,

तुझी तिन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहायचं धाडस होत नव्हतं आणि खोटं लिहायचा कंटाळा आला होता.

तू यायचं नाहीस. कारण सांगतो. माझे कान गेले आहेत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्याही आधी गेले. अगदी पूर्ण नाही. ढग गडगडले की कळतं, सून ओरडली की कळतं. कानात यंत्र आहे, पण त्यातून शिसम, सागवान आणि रॉकेलचा डबा, तिन्ही एकसारखे वाजतात. फोन मी त्याचसाठी उचलत नाही. कंटाळा वगैरे काही नाही.

पाठ जोडणं हा अर्धा भाग झाला. पुढे ती रंध्यानं पातळ करत न्यायची असते. दर थोड्या वेळानं दोन बोटांत धरून दुसऱ्या हाताच्या पेरानं ठोकायची आणि ऐकायचं. कुठे लाकूड जास्त आहे, कुठे थांबायचं, हे कान सांगतो. मापाची पट्टी सांगत नाही. माझी शेवटची गिटार मी ठोकत गेलो आणि पातळ करत गेलो. थांबलोच नाही, कारण थांबायची वेळ आलेली मला ऐकू आली नाही. तारा चढवल्यावर ती खचली. त्यानंतर मी दुकानात जातो, हत्यारं पुसतो आणि परत येतो.

उन्हाळ्याची अट मी का घातली होती तेही आता लिहितो. मला वाटलं, पाठ मे महिन्यात उघडेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. पहिल्या वेळी ती उघडली तेव्हा मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण तुझं चेंबर वाचलं आणि राहवेना. ती उन्हाळा काढील याची मला डिसेंबरच्या पत्रातच खात्री पटली. म्हणून तर लिहिलं नाही.

तू पास झालीस. पण पुढचं ज्यानं शिकवायचं तो माणूस आता राहिला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, रश्मी. बहिऱ्यानं कुणाला गिटार शिकवू नये. दुसरं कोणी चांगलं माहीत झालं तर कळवीन.

निरंजनमामा


बुऱ्हाणपूर
२ जुलै २०२५

मामा,

पत्र वाचून आई रडली, मी रडले, अप्पा बाहेर जाऊन उभे राहिले. ते आमचं झालं. आता कामाचं लिहिते.

तुम्ही लिहिलंत तशी पाठ दोन बोटांत धरली, वरून, जोडापासून जरा बाजूला. दुसऱ्या हाताच्या पेरानं ठोकत गेले. काय ऐकायचं ते मला माहीत नाही, म्हणून जे ऐकू आलं ते लिहिते.

आपल्याकडे बाई माठ घ्यायला जाते तेव्हा उचलून बोटांनी ठोकते, ऐकते आणि मगच भाव करते, ते तुम्हाला आठवत असेल. वरच्या भागात, पट्टीच्या दोन्ही बाजूंना ठोकलं की चांगल्या भाजलेल्या कोऱ्या माठाचा आवाज येतो. ठोकणं संपतं आणि आवाज जरा थांबून जातो. कमरेपाशी, जिथे पाठ निमुळती कापायची आहे, तिथेही माठच, पण लहान माठ. खाली उजवीकडे मोठा माठ, सगळ्यांत मोकळा. तिथे ठोकलं की माझ्या धरलेल्या बोटांनाही गुदगुल्या होतात. खाली डावीकडे मात्र माठ नाही. तिथे दारावर ठोकल्यासारखं टक्क वाजतं आणि लगेच मरतं. बोटांनाही काही कळत नाही.

मी चुकत असेन म्हणून आईला डोळे मिटायला लावले आणि काही न सांगता सगळीकडे ठोकलं. ती म्हणाली, "हा पक्का माठ, हा पक्का, हा पक्का, अन् हे दार." दार तिनं तिथेच म्हटलं.

पावसाची हवा आहे, पण हे मी दोन कोरडे दिवस बघून, दोनदा केलं. दोन्ही वेळा असंच.

बहिऱ्यानं शिकवू नये असं तुम्ही म्हणता. मला तर एकही गिटार बनवता येत नाही, तरी मी शिकायला निघालेच होते. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला कळत नाही. मी ऐकून सांगीन, तुम्ही समजून सांगा. लिहून सांगायचं तर लिहून, ओरडून सांगायचं तर ओरडून. चेंबरमध्ये पंखे चालू असताना मी माणसांना हाका मारत मोठी झालेय, आवाजाची काळजी करू नका.

मी तुम्हाला गिटारसाठी विचारलं होतं, पण आता फक्त गिटारसाठी विचारत नाही. तुम्ही नुसती हत्यारं पुसून परत येता हे मला सहन होत नाही.

रश्मी


म्हापसा
११ जुलै २०२५

चि. रश्मी,

तुझं पत्र घेऊन दुकानात गेलो. एकेक ओळ वाचत तू लिहिलंस तिथे तिथे टेबलावर पेर ठोकत बसलो. टेबल मला ऐकू आलं नाही. पाठ मात्र ऐकू आली.

भुसावळहून वास्कोला जाणारी गाडी आहे, ती धर. मडगावला पंकज न्यायला येईल. पाठ आईच्या सुती साडीत गुंडाळून आण, प्लास्टिकमध्ये नको. इथे पाऊस आहे, त्यामुळे आल्यावर काही दिवस ती नुसती टांगून ठेवू आणि तू तोवर हत्यारं लावायला शीक. लीलाला आणि अप्पांना सांग, पोरीची काळजी मी घेईन.

खालची डावी बाजू अजून जाड आहे. तू उजव्या हाताची असणार, तिथे पोचायला वाकावं लागतं आणि रंधा दर वेळी थोडा उचलला जातो. तिथे आता हात लावू नकोस. ते लाकूड आपण दोघं मिळून काढू.

निरंजनमामा